अकुलीनाच्या कबरीवरचा मेजपोस

मित्रांनो, मी एक जुना मेजपोस आहे. मेजावर अंथरले जाणे हे माझ्या नावातच लिहिलेले असले, तरी माझे सारे आयुष्य कबरींवर गेले. घाबरू नका, माझी गोष्ट भुताखेतांची नाही. ती रांगांची, शिक्क्यांची आणि दोन घासांची आहे. ती भोगता भोगता मी पार थकून गेलो आहे, म्हणून मध्येच सूर रडका लागला तर सांभाळून घ्या.

मी अळशीच्या धाग्याचा आहे. अकुलीना नावाच्या, सेतो जमातीतल्या बाईने मला एका हिवाळ्यात घरच्या मागावर विणले. तिचा हात घट्ट होता. माझी वीण अशी बसली, की इतक्या धुण्यांनंतरही ती कुठे विरलेली नाही. माझ्या दोन्ही टोकांना लाल नक्षीचे काठ आहेत. ते विणताना तिने दोनदा चूक केली, दोन्ही वेळा उसवले आणि स्वतःलाच चार शिव्या घातल्या. मला तेव्हापासून ठाऊक आहे, की प्रेमाने केलेल्या कामातही शिव्या असतात.

मी कशासाठी विणला गेलो तेही ऐका. आमच्याकडे ऑगस्टात मोठा सण येतो. त्या दिवशी आमच्या सावोरी गावच्या चर्चमधली प्रार्थना आटोपली, की प्रत्येक घर दफनभूमीत आपापल्या कबरीवर कापड अंथरते. त्यावर उकडलेली अंडी, मासे, भाजलेल्या कणकेतले मांस, शहाजिरे घातलेले घरचे चीज असे सगळे मांडते. मग गेलेल्यांशी बोलत बोलत सगळे जेवतात. आपले जेवण झाले, की शेजारच्या कबरीवरून बोलावणे येते. तिथे बसायचे, दोन घास खायचे, एक घोट घ्यायचा आणि पुढच्या कबरीकडे जायचे. बोलावल्यावर नको म्हणायचे नाही. नको म्हणणे म्हणजे तुमचा मेलेला माणूस आमचा कुणी नव्हे असे तोंडावर सांगणे. माझ्या साऱ्या आयुष्यात मी कुणाला नको म्हणताना ऐकले नव्हते.

अकुलीनाने मला आधी तिच्या आईवडिलांवर अंथरले. तिची मुलगी उस्ती माझ्या काठाशी बसून अंड्यांची टरफले सोलायची आणि हळूच माझ्याखाली लपवायची. पुढे उस्तीचे लग्न ओढ्याच्या दुसऱ्या काठावरच्या गावात झाले. सणाला ती घोडागाडीतून यायची, नंतर बसने येऊ लागली. मग अकुलीना गेली. त्या ऑगस्टात जिने मला विणले तिच्यावरच मी अंथरला गेलो. उस्तीने माझ्यावर कपाळ टेकवून आमच्या रीतीप्रमाणे विलापाचे गाणे म्हटले आणि माझा मधला भाग ओला झाला. त्या दिवसापासून मी उस्तीच्या घरी राहू लागलो. वर्षभर पेटीत असायचो आणि सणाला सावोरीला जायचो.

पुढे एके वर्षी असे ठरले, की ओढ्याच्या अलीकडे, उस्तीच्या गावाच्या बाजूला, एस्टोनिया आणि पलीकडे, सावोरीच्या बाजूला, रशिया. रेघ तिथे पूर्वीही होती म्हणतात, पण तिची कुणी दखल घेत नव्हते. गाई चरायला पलीकडे जायच्या आणि दूध द्यायला अलीकडे यायच्या. आता मात्र तिथे तार आली, चौकी आली, आडवा दांडा आला. उस्ती एस्टोनियाची झाली. तिची आई, आजी, आजोबा आणि चुलत बहीण मान्नी ही सगळी रशियाची झाली. त्यातली मान्नी तेवढी जिवंत होती, म्हणून तिला तरी कुणी सांगू शकले.

सुरुवातीची वर्षे बरी गेली. सणाच्या दिवशी चौकीवर गावकऱ्यांची यादी असायची. शिपाई नाव विचारायचा, मान हलवायचा आणि सोडायचा. मग यादी बंद झाली आणि व्हिसा आला. मग व्हिशाला फोटो आला. फोटोत डोक्यावर रुमाल असला तर कान दिसले पाहिजेत असे आले. आजारपणाचा विमा आला. तिकडून बोलावणाऱ्याचे पत्र आले. एका वर्षी जे चालले ते दुसऱ्या वर्षी चालेना, आणि का चालत नाही हे खिडकीपलीकडच्या बाईलाही सांगता येईना. हे सगळे मी पिशवीत पडून ऐकले. खरे सांगतो, इतके नियम ऐकले, की मला माझीच वीण सैल वाटायला लागली.

अर्ज भरायचे काम उस्तीची मुलगी लीदे करायची. ती तार्तू शहरात दातांच्या डॉक्टरकडे कामाला होती. दर वसंतात ती घरी येऊन आईसमोर बसायची आणि दोघींची जुंपायची.

"आई, जाण्याचं कारण काय लिहू?"

"जेवायला."

"असं लिहून चालत नाही."

"मग तुला चालतं ते लिही. मला कशाला विचारतेस?"

"कुणाकडे उतरणार?"

"आईकडे."

लीदे लेखणी खाली ठेवायची आणि डोळे मिटून बसायची. शेवटी मान्नीचे नाव लिहिले जायचे. लीदे वाईट नव्हती, मित्रांनो. दिवसभर दुसऱ्यांची तोंडे बघून आलेल्या बाईला घरी आईचे तोंड ऐकावे लागले, की तिचा जीव मेटाकुटीला यायचा. सावोरीला ती लहानपणीच काय ती गेली होती. रांगेत दिवस घालवायला मला वेळ नाही, असे ती म्हणायची.

आणि रांग कशी असायची. सकाळी उभे राहावे तो दुपारी खिडकी यावी. तिथे माझी घडी उलगडली जायची. लोक मला झटकायचे, उजेडापुढे धरायचे, एकदा तर कुत्र्याला हुंगायला दिले. कुत्र्याने मनापासून हुंगले आणि शेपूट हलवली, कारण माझ्या धाग्यांत वर्षानुवर्षांचा मासा मुरला होता.

पुढे खाण्याचे जिन्नसही बंद झाले. मांस नाही, दुधाचे काही नाही. हा नियम उस्तीला पहिल्यांदा खिडकीपाशीच कळला. तिच्या टोपलीत तिने स्वतः केलेल्या चीजची वाटोळी चकती होती.

"हे जाणार नाही, आजी. त्या डब्यात टाका," शिपाई म्हणाला.

"टाकू? माझ्या गाईचं आहे ते."

"गाईचा प्रश्न नाही. नियम आहे."

"पोटातून नेलेलं चालतं का?"

शिपायाने जरा विचार केला. "पोटाबद्दल काही लिहिलेलं नाही."

उस्तीने तिथल्या तिथे सुरी काढली, चकतीचे तुकडे केले आणि अख्ख्या रांगेला वाटले. पाठीमागचा ट्रकवाला दोन तुकडे घेऊन गेला. शिपायालाही तिने एक पुढे केला. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि कामावर असताना घेता येत नाही म्हणाला. तेवढ्यापुरते सगळे हसले. पण त्या वर्षीपासून उस्तीला आपल्या हातचे काही आईपुढे ठेवता येईना. स्वयंपाक मान्नी करायची. अलीकडच्या घरातून पलीकडच्या कबरीवर पोचायचे, ते एवढे मीच. मला त्याचा अभिमान वाटायचा. आता वाटते, अभिमान कसला, ओझे होते ते.

मग ते वर्ष आले. लीदेने अर्ज भरला, आणि व्हिसा मिळाला तो नेमका सणाच्या दिवसापर्यंतचा.

"आई, नीट ऐक. त्याच दिवशी संध्याकाळी परत यायचं. दुसऱ्या दिवसाचा व्हिसा नाहीये."

"कळलं. मी म्हातारी आहे, बहिरी नाही."

"शेवटची बस चारची. ती चुकली तर चौकी बंद होईल."

"अगं कळलं म्हटलं ना."

सणाचा दिवस लख्ख होता. मला अंथरले गेले, मान्नीने मासे मांडले, उस्तीने आईला वर्षभराच्या बातम्या सांगितल्या. छप्पर गळते, गाय विकली, लीदे अजून तशीच चिडते. मग बोलावणी सुरू झाली. उस्ती एकेका कबरीवर बसून दोन घास खाऊन आली. तिसरा प्रहर कलला तशी मान्नी भांडी आवरायला लागली.

"चल उस्ती. बस गाठायचीय तुला."

माझी घडी घालून झाली होती. तेवढ्यात वास्साने हाक मारली. वास्सा म्हणजे उस्तीची बाळपणीची शेजारीण. तिचा मुलगा इग्नात त्याच वसंतात गेला होता. त्याच्या कबरीवरची माती अजून बसली नव्हती, गवत उगवले नव्हते. तिथे वास्सा एकटीच बसली होती आणि तिच्या कापडावरच्या ताटांना कुणी हात लावलेला दिसत नव्हता. गावातले बरेच लोक तरण्या मुलाच्या कबरीवर बसायला कचरत होते आणि बोलावणे येण्याआधीच दुसरीकडे वळत होते.

"उस्ती, माझ्या इग्नातकडे नाही बसणार?"

"तिची बस आहे गं वास्सा," मान्नी मध्येच म्हणाली. "व्हिसा आजच संपतोय तिचा."

"बरं. जाऊ दे मग," वास्सा म्हणाली आणि तिने ताटावरची माशी हाकलली.

उस्तीने रस्त्याकडे पाहिले. मग ती गुडघ्यावर हात टेकत वास्साच्या शेजारी बसली. "वाढ," म्हणाली. वास्साने वाढले आणि इग्नातबद्दल बोलू लागली. तो लहानपणी छपरावर चढायचा ते, त्याला मासा आवडायचा नाही ते, फोनवर शेवटचे काय बोलला ते. दोन घासांचे चार झाले. मधेच उठून जाण्यासारखे ते बोलणे नव्हते. बस गेली तिचा आवाज मी पिशवीतून ऐकला, आणि तो उस्तीनेही ऐकला असणार. ती वळली नाही.

रात्र मान्नीकडे काढून ती सकाळी चौकीवर गेली. खिडकीतल्या पोराने पासपोर्ट उलटसुलट पाहिला.

"आजी, हा कालपर्यंतचाच होता."

"माहितीय. बस चुकली."

"आजारी होतात का? डॉक्टरचा कागद आहे?"

"नाही रे. जेवायला बसले होते."

तो पोरगा बिचारा मोठ्या साहेबाला विचारून आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. शेवटी त्याने तिच्यापुढे कागद ठेवला आणि सही कुठे करायची ते दाखवले. पाच वर्षे तिला रशियाच्या बाजूला पाऊल टाकता येणार नव्हते. उस्ती तेव्हा ऐंशीच्या पुढे गेली होती.

"पाच वर्षांनी मी कुठे असेन, ते तुझ्या त्या यंत्रात दिसतं का बाळा?"

"नाही, आजी," तो खाली बघत म्हणाला.

घरी लीदे आली ती पेटूनच. "दोन घासांसाठी पाच वर्षं? मी किती कागद गोळा केले, किती वेळा त्या खिडकीवर उभी राहिले, आणि तू तिथे जेवत बसलीस?"

"मग मी काय सांगायला हवं होतं तिला? माझा व्हिसा संपतोय, म्हणून तुझ्या लेकाचं खात नाही?"

"हो. तिला कळलं असतं."

"तिला कळलंच होतं," उस्ती म्हणाली. "म्हणून तर बसले."

मला त्या वेळी लीदेचेही पटत होते आणि उस्तीचेही. कापडाला दोन्ही बाजू असतात, त्यामुळे आमची अशी पंचाईत होते.

पुढच्या ऑगस्टात उस्तीने मला सवयीने धुतले, वाळवले आणि पिशवीत भरले. मग दाराशी उभी राहिली आणि पिशवी खाली ठेवून खुर्चीत बसली. लीदेने ते पाहिले. त्या वसंतात तिने आईला न सांगता स्वतःचा व्हिसा काढून ठेवला होता. "आण इकडे. मी जाते," ती म्हणाली. उस्तीचे डोळे भरून आले, पण तोंडाने तिने एवढेच विचारले, की आजीची कबर तरी सापडेल का तुला.

लीदेला कबर सापडली. तिने मला अंथरले, पण काठ उलटे. मान्नीने न बोलता ते सुलटे केले. लीदेला विलापाचे गाणे येत नव्हते, म्हणून ती नुसतीच हात जोडून उभी राहिली आणि घड्याळ पाहत राहिली. तिचा दोष नाही. आईचे झालेले तिने पाहिले होते, आणि तिलाही अडकवले असते तर अकुलीनाकडे यायला कुणीच उरले नसते. बोलावणी आली तेव्हा ती हसून सगळ्यांना सांगत गेली, "नको, बस आहे." वास्सानेही बोलावले. "नको हं मावशी, पुढच्या वर्षी नक्की," लीदे म्हणाली. माझ्या आयुष्यात तो शब्द त्या जागी मी पहिल्यांदा ऐकला.

मग रस्त्यावर बसचा भोंगा वाजला. लीदेने पिशवी उचलली, पासपोर्ट छातीशी धरला आणि पळत सुटली. बस मिळाली. चौकी वेळेत ओलांडली. सगळे नियम पाळले गेले. फक्त मी कबरीवरच राहिलो.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटले ते सांगतो. राग आला नाही. माझ्यावर भाकरीचा चुरा होता, एक चिमणी तो टिपत होती, आणि मला वाटले, आत्ता ती वळेल. मान्नी भांडी घासून आली तेव्हा तिने मला पाहिले, चुरा झटकला आणि घरी नेले.

संध्याकाळी फोन आला. मान्नीला कमी ऐकू येते, म्हणून तिचा फोन अख्ख्या घराला ऐकू जातो.

"मान्नी, वास्साच्या इग्नातकडे बसली का गं माझी पोर?"

मान्नीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "बस होती उस्ती तिची."

मग उस्ती म्हणाली, "आणि मेजपोस?"

"इथे आहे. विसरली ती."

"राहू दे मग. आमच्या घरचं कुणीतरी तिथे असू दे. पुढच्या वर्षी लीदे नेईल."

पुढच्या वर्षी नियम पुन्हा बदलले. लीदेचा अर्ज परत आला. मान्नीने उस्तीकडे जायचा अर्ज केला, त्याला उत्तरच आले नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मान्नीने दुसरा अर्ज केला, त्याचेही तेच झाले. या काळात मी सणाला मान्नीच्या हातून अकुलीनावर अंथरला जात होतो आणि एरवी तिच्या कपाटात पडून होतो. दर रविवारी फोनवर दोघी बहिणी भांडायच्या, आणि ते ऐकणे हाच माझा विरंगुळा होता. उस्ती अधूनमधून विचारायची, की त्याला कसर तर लागली नाही ना. मान्नी चिडून म्हणायची, "तुझ्यापेक्षा धडधाकट आहे तो."

पाच वर्षे पुरी व्हायच्या आत, बर्फ वितळत असताना, उस्ती गेली. फोनवर त्या दिवशी लीदे होती. उस्तीला ओढ्याच्या अलीकडेच, तिच्या गावच्या चर्चमागे पुरले. आईशेजारी जागा राखलेली होती. पण जिवंतपणी जिला तिकडे बंदी, तिला मेल्यावर न्यायला आणखी किती कागद लागतील, हे विचारायचेही त्राण लीदेत उरले नव्हते.

त्या ऑगस्टात मान्नीने मला अकुलीनावर अंथरले आणि उस्तीची थाळी वेगळी मांडली. वास्सा येऊन बसली आणि त्या थाळीतले दोन घास तिने खाल्ले.

संध्याकाळी लीदेचा फोन आला. तिचा आवाज बसला होता.

"मावशी, मी आईवर दुकानातलं कापड अंथरलं. प्लॅस्टिकचं. लिंबांची चित्रं आहेत त्याच्यावर. दुसरं काही नव्हतंच घरात."

"असू दे गं."

"सगळ्यांकडे खाल्लं मी. ज्याने ज्याने बोलावलं त्याच्याकडे बसले. पोट दुखतंय आता." ती हसली, मग तिला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिले नाही. "मावशी, तो मेजपोस पोस्टाने पाठव ना."

"तुझ्या आजीच्या कबरीवरचं कापड पोस्टात टाकू? पोतं आहे का ते? हे माणसाच्या हातूनच जातं लीदे, आणि हातून हाती जातं. तुला माहीत नसेल तर उस्तीने काय शिकवलं तुला?"

"तिने शिकवलं होतं," लीदे म्हणाली. "मी ऐकलं नाही."

मान्नीचा राग तिथेच ओसरला. तिने दुसऱ्या दिवशी पोस्टात काही टाकले नाही, पण मला पुन्हा एकदा धुतले, दिवसभर उन्हात वाळवले आणि कपाटात न ठेवता दारामागच्या खुंटीला, पिशवीत घालून टांगले. कुणी अलीकडे जाणारे भेटलेच तर शोधाशोध नको म्हणून. अजून कुणी भेटलेले नाही. मान्नीही आता काठी टेकत चालते.

अशा गोष्टींच्या शेवटी आमच्यासारख्या जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मला जपायला मान्नी आहे. मला कसर लागलेली नाही, काठ शाबूत आहेत. ज्या बाईने मला विणले तिच्यावर मी पुष्कळ वर्षे अंथरला गेलो. आता जिने मला इतक्या रांगांतून वाहिले, तिच्यावर एकदा अंथरला जावे, एवढेच माझ्या मनात उरले आहे. ते झाले, की मग खुशाल माझी फडकी करा.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाला सावोरीहून अलीकडे यायचे असेल, तर मान्नीचे घर विचारा. माझी घडी लहान होते, पिशवीच्या तळाशी मावते. चौकीवर ते मला उलगडतील, झटकतील, हुंगतील आणि पुढे सोडतील, कारण मला कुठलाच नियम अडवत नाही. मला व्हिसा लागत नाही, मित्रांनो. मला नेणाऱ्या माणसाला लागतो.